सार्वजनिक मलवाहिनी नियम

सार्वजनिक मलवाहिनी नियम : नगरपालिका, महानगरपालिका, जलमंडळ किंवा तत्सम स्थानिक सत्तेने आपल्या हद्दीतील मलवाहिन्यांचा वापर, घरे व कारखाने त्यांना जोडण्याची रीत, त्यांत सोडावयाचे सांडपाणी आणि त्याची अंतिम विल्हेवाट यांविषयी केलेले बंधनकारक नियम. अधिकार आणि दंडाची कमाल मर्यादा मूळ कायद्यात असते; नळाचा व्यास, उतार, दोन चेंबरांमधील (वाहिनी तपासण्यासाठी व साफ करण्यासाठी ठेवलेल्या खड्ड्यांमधील) अंतर, परवानगीचा अर्ज व शुल्क हे तपशील बहुधा उपविधींत (कायद्याखाली स्थानिक सत्तेने केलेल्या पोटनियमांत) येतात.

खाजगी वाहिनी कोठे संपते आणि सार्वजनिक वाहिनी कोठे सुरू होते, हा या नियमांतील कायमचा वादविषय आहे. इंग्लिश कायद्याच्या परंपरेत एका इमारतीचे किंवा एका आवारातील इमारतींचे पाणी नेणारा नळ मालकाचा आणि एकाहून अधिक आवारांचे पाणी नेणारा नळ ही मलवाहिनी, असा भेद करतात. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा हे त्यावरून ठरते. मात्र एकापेक्षा अधिक आवारांचे पाणी नेणारी प्रत्येक वाहिनी सार्वजनिक ठरत नसे. इंग्लंड व वेल्समध्ये अशा सामाईक खाजगी वाहिन्यांची मोठी संख्या १ ऑक्टोबर २०११ रोजी कायद्याने मलनिःसारण कंपन्यांकडे गेली.

प्राचीन पूर्वरूपे : मोहेंजोदडो येथील विटांच्या झाकलेल्या मोऱ्या (सुमारे इ. स. पू. २६००–१९००) हा नियमबद्ध मलनिःसारणाचा पहिला पुरावा म्हणून पुष्कळदा दिला जातो. गल्लीच्या बाजूने जाणारी मोरी, घरातून तिला मिळणारी नाली, मध्ये गाळ साचण्यासाठी ठेवलेला खड्डा किंवा रांजण, ही रचना अनेक ठिकाणी सारखीच आढळते. मॉर्टिमर व्हीलर आणि स्ट्यूअर्ट पिगट या पुरातत्त्वज्ञांनी या सारखेपणावरून प्रबळ मध्यवर्ती सत्तेचा तर्क केला. अलीकडील अभ्यासकांचा कल मात्र परिसरागणिक व्यवस्था आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली बांधकामाची रीत यांकडे आहे. सिंधू लिपीचे सर्वमान्य वाचन झालेले नसल्याने तेथे ‘नियम’ होता असे म्हणण्यापेक्षा ‘प्रघात’ होता असे म्हणणे अधिक सुरक्षित.

लिखित नियम कौटिलीय अर्थशास्त्रात मिळतात. शेजाऱ्याच्या भिंतीपासून तीन पद किंवा दीड अरत्नी (लांबीची जुनी मापे) अंतर सोडून पुरेशा उताराची पाण्याची वाट काढावी आणि हे न पाळल्यास ५४ पण (तत्कालीन नाणे) दंड घ्यावा, असे गृहवास्तूच्या प्रकरणात सांगितले आहे. नागरकाच्या (नगराच्या अधिकाऱ्याच्या) कर्तव्यांत रस्त्यावर घाण टाकल्यास एक अष्टमांश पण, चिखलपाण्याने रस्ता अडवल्यास पाव पण आणि राजमार्गावर याच्या दुप्पट दंड येतो. ग्रंथाचा काळ वादग्रस्त आहे. परंपरा तो इ. स. पू. चौथ्या शतकात नेते, तर आधुनिक चिकित्सा त्याचे आजचे रूप बरेच अलीकडे, इसवी सनाच्या प्रारंभाच्या आसपास किंवा त्यानंतर ठेवते. शिवाय हे दंड प्रत्यक्षात वसूल होत होते की ग्रंथापुरते होते, हे अर्थशास्त्रावरून ठरवता येत नाही.

आजच्या उपविधींशी सर्वांत जवळचे नाते रोमन कायद्याचे दिसते. ५३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जस्टिनियन या सम्राटाच्या डायजेस्टमध्ये (रोमन विधिज्ञांच्या वचनांच्या संग्रहात) गटारांविषयी स्वतंत्र शीर्षक असून त्यातील बहुतेक मजकूर तिसऱ्या शतकाच्या प्रारंभीच्या अल्पियन या विधिज्ञाचा आहे. आपल्या घरातून निघून शेजाऱ्याच्या जागेतून जाणारे गटार साफ किंवा दुरुस्त करणाऱ्याला कोणी बळाने अडवू नये, असा प्रेटर या न्यायाधिकाऱ्याचा मनाई हुकूम तेथे आहे. सार्वजनिक गटाराचा वापर बिघडेल असे त्यात काही करू नये व सोडू नये, अशी दुसरी मनाईही आहे. क्लोआका मॅक्सिमा हे रोममधील मोठे गटार प्राचीन टार्क्विन राजांनी बांधले अशी परंपरा असली, तरी आज दिसणाऱ्या कमानी बऱ्याच नंतरच्या मानल्या जातात. नियमांच्या इतिहासात या भव्य बांधकामापेक्षा डायजेस्टमधील दुसऱ्या मनाईचे मोल जास्त आहे.

बंदीकडून सक्तीकडे : इंग्लंडमध्ये १५३१ च्या कायद्याने नेमलेल्या आयुक्तांकडे समुद्राचे बांध, दलदलीतील चर आणि पावसाच्या पाण्याचे नाले होते. घरचा मैला खड्ड्यात साठे आणि रात्री उपसून शेतांकडे जाई. तो नाल्यात सोडणे हा लंडनमध्ये अपराध होता. ही बंदी १८१५ च्या सुमारास उठली असे बहुतेक ग्रंथ सांगतात. फ्लशचे संडास वाढल्यावर जुने खड्डे पाण्याने भरून वाहू लागले. आरोग्यसुधारक एडविन चॅडविक यांचा १८४२ चा अहवाल आणि पटकीच्या नव्या साथीची धास्ती यांनंतर १८४८ मध्ये जोडणीची सक्ती कायद्यात आली. जे काल दंडनीय होते ते न करणे आता दंडनीय ठरले. पुढे ते पाणी कोठे जाणार याचा नियम मात्र कोणी केला नाही. ते थेट थेम्समध्ये गेले आणि १८५८ च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीने संसदेचे काम अडल्यावरच अभियंते जोसेफ बॅझलजेट यांच्या अडवाहिन्यांना (मैलापाणी नदीत पडण्याआधी अडवून दूर नेणाऱ्या वाहिन्यांना) पैसा मंजूर झाला. नियम आधी घराच्या जोडणीवर, मग जोडणीतून येणाऱ्या द्रव्यावर आणि सर्वांत शेवटी वाहिनीच्या मुखावर, असा क्रम पुढे इतरत्रही दिसतो.

पॅरिसमध्ये १० जुलै १८९४ च्या कायद्याने मैला गटारात सोडणे सक्तीचे केले आणि मालकांना तीन वर्षांची मुदत दिली. घरमालकांच्या विरोधामुळे अंमलबजावणी पुष्कळ लांबली. आज फ्रान्समध्ये वाहिनी सुरू झाल्यापासून दोन वर्षांत जोडणी घ्यावी लागते. जपानमध्ये मैलाशुद्धीकरणाची सोय झालेल्या भागात जुने संडास तीन वर्षांत फ्लशचे करावे लागतात. जर्मन नगरांच्या उपविधींत जोडणीची सक्ती आणि वापराची सक्ती असे दोन वेगळे भाग असतात. जोडणी घेऊनही जुना खड्डा चालू ठेवणारा मालक दुसऱ्या भागात सापडतो.

सक्ती किती अंतरापर्यंत लागू करावी, याचे १०० फूट हे माप इंग्लंडच्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्येही तेच माप आढळते. ते नेमके १०० फूटच का, याचे समाधानकारक तांत्रिक स्पष्टीकरण नाही. मालकावर पडणारा खर्च वाजवी राहावा, एवढाच हेतू असावा.

काय सोडू नये : इंग्लंडच्या १९३६ च्या कायद्यात वाहिनीला इजा करणारे वा प्रवाह अडवणारे द्रव्य, ११० अंश फॅरनहाइटपेक्षा उष्ण द्रव, पेट्रोलियम आणि कॅल्शियम कार्बाइड यांना मनाई होती. अमेरिकेतील १९७८ च्या पूर्वशुद्धीकरण नियमांत पीएच (आम्लतेचे माप) ५ पेक्षा कमी, म्हणजे अधिक आम्लधर्मी असलेले पाणी, ६० अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानाला पेट घेणारे द्रव्य आणि शुद्धीकरण केंद्रात पोचताना तेथील तापमान ४० अंशांवर नेईल अशी उष्णता निषिद्ध आहे. भारतात पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ अन्वये सार्वजनिक मलवाहिनीत सोडण्याच्या औद्योगिक सांडपाण्याला जैव ऑक्सिजन मागणी (घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३५० मिग्रॅ., निलंबित घनपदार्थ ६०० मिग्रॅ. आणि तेल व स्निग्ध पदार्थ २० मिग्रॅ. अशा मर्यादा आहेत. नदीनाल्यात थेट सोडावयाच्या पाण्यासाठी ऑक्सिजन मागणीची मर्यादा ३० मिग्रॅ. आहे. वाहिनीसाठीची सवलत पुढे जैविक प्रक्रियेचे केंद्र असेल तरच लागू होते. नसेल तर कडक मर्यादाच धरावी, अशी तळटीप कोष्टकाखाली आहे. ती वाचली जात नाही आणि ३५० चा आकडा तेवढा उद्‌धृत होतो.

आम्लता मोजून वाहिनी सुरक्षित राहते असे नाही. मंद उताराच्या नळात मैला साचून ऑक्सिजन संपला की चिकट थरातील जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू पाण्यातून सुटून नळाच्या वरच्या ओलसर भागात जातो. तेथे दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनवतात आणि काँक्रीटचा माथा खालच्या भागाआधी झिजतो. आत सोडलेले पाणी उदासीन असले तरीही हे घडते. म्हणून काही उपविधी सल्फेट, सल्फाइड आणि तापमान यांवर स्वतंत्र मर्यादा घालतात आणि नळ स्वतः साफ राहावा यासाठी सेकंदाला सुमारे ०·६ मी. वेग मिळेल असा उतार मागतात. हाच वायू चेंबरमध्ये उतरणाऱ्या कामगाराचा जीव घेतो. तरीही जुन्या उपविधींत नळाच्या सुरक्षेइतकी कामगाराची दखल दिसत नाही. भारतात सुरक्षा साधनांविना मलवाहिनीत माणूस उतरवण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

उपाहारगृहांना चरबी अडवणारी टाकी बसवणे बहुतेक ठिकाणी सक्तीचे असते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये चरबी व ओल्या पुसण्यांचा (वेट वाइप्सचा) सुमारे २५० मी. लांबीचा, १३० टनांचा गोळा वाहिनीत सापडला होता.

पावसाचे पाणी : छपराचे व अंगणाचे पाणी मलवाहिनीत सोडू नये, हा नियम स्वतंत्र पद्धतीच्या, म्हणजे मैलापाणी व पावसाचे पाणी वेगळ्या वाहिन्यांतून नेणाऱ्या शहरांत असतो; एकत्रित पद्धतीत दोन्ही एकाच वाहिनीतून जातात. अमेरिकेतील मेम्फिस येथे पीतज्वराच्या १८७८ मधील साथीनंतर अभियंते जॉर्ज वेअरिंग यांनी १८८० मध्ये केवळ मैलापाण्यासाठी लहान व्यासाच्या वाहिन्या घातल्या. या पद्धतीचे जनकत्व अनेकदा त्यांना दिले जाते, परंतु चॅडविक यांनी तिचा पुरस्कार आधीच केला होता. मेम्फिसमध्ये चेंबर न ठेवल्याने वाहिन्या तुंबू लागल्या. अभियंते रुडॉल्फ हेरिंग यांनी १८८१ च्या अहवालात मोठ्या दाट शहरांना एकत्रित आणि लहान नगरांना स्वतंत्र पद्धत सुचवली, आणि हे मत अधिक तोलून मांडलेले वाटते. एकत्रित वाहिन्यांच्या शहरांत मुसळधार पावसात वाहिनी भरली की मिश्र पाणी नदीत सोडावे लागते. अशा प्रसंगांची नोंद ठेवण्याची सक्ती तुलनेने अलीकडची आहे.

वाहिनी नसलेली वस्ती : येथे नियम त्रोटक आहेत. सेप्टिक टाकीचे आकारमान, विहिरीपासूनचे अंतर आणि शोषखड्डा यांपुढे ते क्वचित जातात. टाकीतील गाळ कोणी, किती वर्षांनी उपसावा आणि टँकरने तो कोठे रिकामा करावा, याविषयी बऱ्याच उपविधींत एक शब्दही नसतो. युरोपीय संघाच्या १९९१ च्या निर्देशाने २,००० लोकसंख्या-तुल्यांक (एका माणसाच्या सांडपाण्याइतका भार म्हणजे एक तुल्यांक) आणि त्यावरील वस्त्यांना मलनिःसारणाचे दायित्व लावले. २०२४ च्या सुधारित निर्देशाने ही मर्यादा १,००० वर आणली असून त्यासाठी सर्वसाधारण मुदत २०३५ अखेरपर्यंत आहे.