चूक महाग होती तेव्हा: स्वतंत्र चित्रपटकर्त्यांच्या आपसातल्या सल्ल्याची पार्श्वभूमी

स्वतंत्रपणे चित्रपट करणारे लोक एकमेकांना सल्ला देतात, धीर देतात, अडलं तर हात लावतात. ही रीत जवळपास शंभर वर्षं जुनी आहे. पण त्या सल्ल्यातला मजकूर मात्र सतत बदलत आला. ज्या काळात जी चूक दुरुस्त होत नव्हती, तिच्याभोवतीच त्या काळातलं बोलणं फिरत राहिलं. हे एक सूत्र धरलं की या इतिहासातली बरीच वळणं उलगडतात.

सुरुवात १९२३ पासून. त्या वर्षी कोडॅकने १६ मिमी फिल्म आणि तिचा कॅमेरा आणला. त्याआधीची ३५ मिमी नायट्रेट फिल्म सहज पेट घेणारी होती. १६ मिमी पहिल्यापासून ॲसिटेटवर आली, म्हणून ती घरात दाखवता येऊ लागली. ती रिव्हर्सल पद्धतीची होती. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन पॉझिटिव्ह होऊन परत यायची, वेगळी निगेटिव्ह नसायची. शंभर फुटांच्या रिळात ४,००० चौकटी मावतात. मूकपटाच्या सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने त्यातून चार मिनिटांहून थोडं जास्त चित्रण मिळतं, ध्वनीच्या २४ च्या वेगाने फक्त २ मिनिटं ४६ सेकंद. शिवाय रिव्हर्सल फिल्म एक्स्पोजरच्या, म्हणजे तिच्यावर किती प्रकाश पडू द्यायचा याच्या बाबतीत कडक असते. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना लॅब थोडंफार सावरून घेते, इथे ती सोय नाही. अर्धा-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त प्रकाश पडला की आकाशातले ढग आणि चेहऱ्यावरचे उजळ भाग पुसले जातात, आणि ते कळतं रीळ लॅबमधून परत आल्यावर. तोवर चित्रीकरणाची जागा, माणसं, ऊन सगळं निघून गेलेलं असतं.

म्हणून त्या काळातला सल्ला कॅमेरा सुरू होण्याआधीचा होता. १९२६ मध्ये न्यू यॉर्कमध्ये ॲमॅच्युअर सिनेमा लीग स्थापन झाली. तिचे संस्थापक हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९१४ मध्ये हौशी रेडिओवाल्यांची संघटना उभी केली होती. दूरदूरच्या हौशी लोकांनी एकमेकांना संदेश पोहोचवायचे, यंत्र कसं जुळवलं ते सांगायचं, ही त्या क्षेत्रातली सवय त्यांनी चित्रपटात आणली. लीगचं मासिक निघत असे, आणि सभासद आपली फिल्म पाठवून तिच्यावर जाणकाराचं लेखी मत मागवू शकत. अनोळखी माणसाच्या फिल्मवर नीट वाचता येईल असा अभिप्राय लिहून द्यायचा, ही कल्पना त्या काळासाठी फार मोठी होती. अनेक गावांत एकटं बसून काम करणाऱ्यांना तेवढाच एक प्रेक्षक मिळत होता. १९५४ पर्यंत लीग चालली, मग ती छायाचित्रकारांच्या एका मोठ्या संस्थेत विलीन झाली.

युद्धानंतर प्रश्न बदलला. फिल्म तयार व्हायची, पण ती दाखवायची कुठे? प्रायोगिक चित्रपटकर्त्या माया डेरेन यांनी १९४६ मध्ये न्यू यॉर्कमधलं प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस भाड्याने घेऊन आपल्या फिल्म स्वतः दाखवल्या. ते पाहून एमॉस व्होगेल यांनी १९४७ मध्ये ‘सिनेमा १६’ ही फिल्म सोसायटी सुरू केली. तिथे काय दाखवायचं ते व्होगेल ठरवत. पुढे चित्रपटकर्ते योनास मेकास आणि त्यांच्या बरोबरच्यांना हेच खटकलं. २८ सप्टेंबर १९६० च्या बैठकीनंतर त्यांचा गट तयार झाला आणि त्यातून फिल्म-मेकर्स को-ऑपरेटिव्ह उभी राहिली. तिचे नियम साधे होते. कोणतीही फिल्म नाकारायची नाही, मालकी फिल्म करणाऱ्याकडेच राहील, आणि भाड्यातला मोठा वाटा त्यालाच मिळेल. यातला पहिला नियम प्रोत्साहनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होता. निवडीची भीती गेल्यावर लोक अर्धवट, अवघड, वीस मिनिटांत संपणारं कामही पुढे आणू लागले.

कॅलिफोर्नियात चित्रपटकर्ते ब्रूस बेली यांनी १९६१ मध्ये घरामागच्या अंगणात फिल्म दाखवायला सुरुवात केली. त्यातून कॅन्यन सिनेमा ही चित्रपटकर्त्यांची संस्था आणि तिचं वार्तापत्र आलं. त्यात चित्रपटकर्त्यांची एकमेकांना लिहिलेली पत्रं छापली जात आणि तंत्राच्या, उपकरणांच्या व्यावहारिक सूचनाही येत. एकट्याने काम करणारा माणूस एका चुकीच्या लॅबमुळे वर्षभराचं काम गमावू शकतो, त्यामुळे अशी चार ओळींची नोंददेखील मोलाची होती.

लंडनच्या फिल्म-मेकर्स को-ऑपने (स्थापना १९६६) आणखी पुढची पायरी गाठली. त्यांनी स्वतःची धुलाई आणि छपाईची यंत्रं मिळवली. यंत्र हाताशी आलं की शिकवणंही हातातून होतं. १६ मिमीमध्ये दोन चौकटींमधली रेघ इतकी बारीक असते की फिल्म सिमेंटने (फिल्म चिकटवायच्या द्रावणाने) केलेला जोड थेट चित्रात दिसतो. तो लपवण्यासाठी शॉट ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन रोलवर आलटूनपालटून लावायचे, मधल्या जागी काळं लीडर (चित्र नसलेली काळी पट्टी) घालायचं आणि दोन्ही रोल एकाच फिल्मवर पाठोपाठ छापायचे. जोडाचा पट्टा काळ्या लीडरवर यायला हवा. जोडण्याआधी फिल्मवरचा थर खरवडतात; तो उलट्या बाजूने खरवडला तर जोड पुन्हा चित्रात येतो. ध्वनीची आणखी एक गंमत: १६ मिमीच्या ऑप्टिकल पट्टीत, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनीच्या पट्टीत आवाज त्याच्या चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो. चित्र आणि आवाज जुळवताना हे विसरलं तर पात्राचे ओठ आणि शब्द एका सेकंदाहून जास्त अंतराने चुकतात. अशा गोष्टी वाचून कळतात, पण शेजारी उभं राहून कुणी दाखवल्या की पक्क्या बसतात.

पैशाच्या बाजूनेही असाच एकोपा दिसतो. अमेरिकी दिग्दर्शक जॉन कॅसावेटीस यांच्या पहिल्या चित्रपटासाठी १९५७ मध्ये रेडिओवरच्या आवाहनानंतर श्रोत्यांनी छोट्या-छोट्या रकमा पाठवल्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था करून बँकेच्या कर्जावर १९७६ चा ‘घाशीराम कोतवाल’ सामूहिक दिग्दर्शनातून केला. केरळात जॉन अब्राहम यांच्या ओडेसा कलेक्टिव्हने गावोगावी चित्रपट दाखवून लोकवर्गणी जमवली, आणि १९८६ चा ‘अम्मा अरियान’ त्या पैशावर उभा राहिला.

दरम्यान १९६७ मध्ये सोनीचा पोर्टापॅक हा सोबत नेता येणारा व्हिडिओ संच आला. आता चित्र लगेच पाहता येऊ लागलं, त्यामुळे एक्स्पोजरची चिंता एकदम हलकी झाली आणि तिच्या जागी यंत्र मोडण्याची चिंता आली. कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी व्हिडिकॉन नळी सूर्याकडे किंवा पेटत्या दिव्याकडे रोखली तर तिच्यावर कायमचा डाग पडतो. टेपवर चित्र लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या हेडवर टेपची भुकटी साचली की चित्र बर्फासारखं होतं. ते पुसताना कापड टेपच्या दिशेनेच फिरवायचं, वर-खाली घासलं की नाजूक हेड तुटतं. १९६९ मध्ये अर्ध्या इंची टेपसाठी समान मानक येईपर्यंत एका यंत्रावर केलेली टेप दुसऱ्यावर चालेलच याची खात्री नसे. व्हिडिओफ्रीक्स या गटाने १९७३ मध्ये देखभाल आणि दुरुस्तीची सचित्र पुस्तिका काढली, ती नेमकी याच गरजेतून.

१९९५ मध्ये डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) टेप आली आणि संकलन घरच्या संगणकावर उतरलं. तासाभराच्या चित्रणाला साधारण १३ जीबी जागा लागे. आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न टाइमकोडचा, म्हणजे टेपवर चित्रासोबत नोंदल्या जाणाऱ्या वेळेचा होता. शॉट संपल्यावर टेप मागे-पुढे करून पाहिली आणि पुन्हा चित्रण सुरू करताना मधे थोडी कोरी जागा राहिली, तर टाइमकोड शून्यापासून परत सुरू होतो. मग एकाच टेपवर एकच वेळ दोनदा येते आणि संगणक शॉट आपोआप उतरवून घेताना गोंधळतो. उपाय असा, की प्रत्येक शॉटच्या शेवटी पाच-सात सेकंद जास्तीची चालू ठेवायची आणि पुढचा शॉट त्या शेपटीवरूनच सुरू करायचा. ध्वनी १२ बिट ३२ किलोहर्ट्झवर न ठेवता १६ बिट ४८ वर ठेवायचा, हा दुसरा नेहमीचा सल्ला. एकाच टाइमलाइनवर दोन्ही मिसळले की लांब मुलाखतीत आवाज हळूहळू सरकण्याचा धोका होता.

पण डीव्हीचं सेन्सर छोटं, त्यामुळे पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट दिसायचं. पार्श्वभूमी धूसर करून माणूस उठून दिसावा, ही इच्छा पुरी करण्यासाठी लोकांनी जे केलं तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग आहे. व्हिडिओ कॅमेऱ्यापुढे दुधी काच बसवायची, तिच्यापुढे छायाचित्रणाच्या कॅमेऱ्याची लेन्स लावायची. लेन्स काचेवर प्रतिमा पाडते आणि कॅमेरा मॅक्रो (अगदी जवळचं टिपणाऱ्या) भिंगातून ती काच चित्रित करतो. निकॉनची लेन्स असेल तर लेन्सच्या बैठकीपासून काचेच्या दुधी पृष्ठभागापर्यंत अंतर ४६.५ मिमी हवं. काच त्याहून मागे गेली की दूरचं दृश्य कधीच फोकसमध्ये येत नाही. काच स्थिर असेल तर तिचे कण चित्रात चिकटलेले दिसतात, म्हणून कुणी सीडीच्या आकाराची चकती मोटरवर फिरवली, कुणी फोनमधल्या छोट्या मोटरने काच थरथरवली. चकती तिरकी बसली तर फोकस लयीत आत-बाहेर होतो. मोटरचा आवाज माइकमध्ये जातो. एक-दोन स्टॉप प्रकाश जातो. आणि प्रतिमा उलटी पडते, म्हणून मॉनिटर उलटा टांगून चित्रीकरण करायचं आणि संकलनात चित्र फिरवून घ्यायचं. मोजमापं, नकाशे, फसलेल्या प्रयोगांची छायाचित्रं लोकांनी मोकळेपणी वाटली, आणि प्रत्येक जण आधीच्याची एक चूक टाळून पुढे गेला.

२००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क २ हा छायाचित्रणाचा कॅमेरा आला आणि मोठ्या सेन्सरवर थेट व्हिडिओ मिळू लागला. त्या खटाटोपाची गरज संपली, पण मदतीची नाही. हा कॅमेरा सुरुवातीला फक्त सेकंदाला ३० चौकटी देत असे. सेकंदाला २४ आणि २५ चौकटींची सोय मार्च २०१० मधल्या फर्मवेअरने (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरने) आली. फाइल ४ जीबीला थांबायची, म्हणजे एक शॉट सुमारे बारा मिनिटांचा. आवाजाची पातळी कॅमेरा आपोआप वाढवायचा, त्यामुळे संवादातल्या प्रत्येक शांततेत सूंऽ असा आवाज उसळायचा. २००९ मध्ये मॅजिक लॅन्टर्न हे स्वयंसेवकांनी लिहिलेलं मोफत फर्मवेअर आलं, त्याने ही आपोआप वाढ बंद करायची सोय आणि आवाजाचे मीटर दिले.

चित्रण इतकं सोपं झाल्यावर चूक संकलनाच्या टेबलावर येऊन बसली. चाळीस तासांचं चित्रण आहे, कट दीड तासाचा आहे आणि तो पूर्ण होत नाही. इथे धीर देण्याची पद्धत बदलावी लागली. त्याचा नमुना डीव्हीच्या काळातच तयार होता: माँट्रिअलमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘किनो’ या चित्रपटकर्त्यांच्या चळवळीने महिन्याला एक प्रदर्शन ठरवलं. थोडक्या साधनांत, आत्ता, जमेल तसं करून आणा, एवढीच अपेक्षा. ठरलेली तारीख आणि वाट पाहणारी ओळखीची माणसं यांनी जितक्या फिल्म पूर्ण करवल्या, तितक्या कौतुकाच्या शब्दांनी करवल्या नसतील.

अभिप्राय देण्याचीही शिस्त हळूहळू घडली. १९५५ पासून चाललेल्या फ्लॅहर्टी सेमिनार या चित्रपट-चर्चेच्या मेळाव्यात कोणती फिल्म दाखवणार ते आधी सांगत नाहीत, म्हणजे प्रेक्षक मत तयार करून येत नाही. अमेरिकेतल्या सनडान्स इन्स्टिट्यूटच्या लॅबमध्ये (कार्यशाळांमध्ये) १९८१ पासून अनुभवी मंडळी नवोदितांच्या शेजारी बसून काम करतात. नृत्यक्षेत्रातल्या लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये चार पायऱ्यांची पद्धत मांडली आणि ती इतर कलांतही पसरली. आधी पाहणाऱ्यांनी काय भिडलं ते सांगायचं, मग करणाऱ्याने प्रश्न विचारायचे, मग पाहणाऱ्यांनी मत न मिसळता प्रश्न विचारायचे, आणि शेवटी परवानगी घेऊनच मत द्यायचं.

रफ कटसाठी, म्हणजे कच्च्या संकलनासाठी ही पद्धत चांगली लागू पडते, काही पथ्यं पाळली तर. पाच ते दहा जण पुरे, त्यातले निम्मे तरी कथा न ऐकलेले. आवाजाच्या पातळ्या ढोबळ का होईना सारख्या कराव्यात, नाहीतर सगळी चर्चा आवाजावरच अडते. दाखवण्याआधी काही समजावू नये. ‘आवडलं का’ याऐवजी ‘कुठे लक्ष सुटलं, कुठे कोण कोणाचं हे कळलं नाही’ असं विचारावं. बाराव्या दृश्याची तक्रार आली तर मूळ बहुतेकदा तिसऱ्या दृश्यात असतं, तिथे द्यायला हवी ती माहिती दिलेली नसते. लोक अडचण अचूक दाखवतात, त्यांनी सुचवलेला उपाय मात्र तपासून घ्यावा. एकमेकांशी न बोलता दोघा-तिघांनी ज्या जागेवर बोट ठेवलं, ती जागा दुरुस्तीत सगळ्यात आधी घ्यावी.