कपाटातली गोगलगाय आणि अंड्यांची टरफलं

इजिप्तच्या वाळवंटातून आलेली एक गोगलगाय २५ मार्च १८४६ रोजी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाटीवर चिकटवण्यात आली. ती मेलेलीच आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मार्च १८५० मध्ये शंखाच्या तोंडावर काचेसारखा पातळ पापुद्रा दिसला, तोही ताजा. शंख सोडवून कोमट पाण्यात ठेवला, तर स्वारी बाहेर आली! मग तिने कोबी खाल्ला, चित्रकाराकडून स्वतःचं चित्र काढून घेतलं आणि आणखी दोन वर्षं मजेत काढली.

वाळवंटी गोगलगायी कोरड्या दिवसांत अंग आत ओढून घेतात आणि शंखाचं तोंड चिकट स्रावाने बंद करतात. तो वाळला की पापुद्रा बनतो आणि अंगातली ओल टिकते. शरीराचे व्यवहार इतके मंदावतात की साठवणीवर वर्षं निघतात. तिने चार वर्षं काढली हे आपल्याला ठाऊक आहे, कारण चिकटवल्याची तारीख कुणीतरी नोंदवली होती.

गर्दी खेचणारे नमुने वेगळेच असतात. लंडनच्याच हॉर्निमन म्युझियममधला वॉलरस, म्हणजे लांब सुळ्यांचा समुद्री प्राणी घ्या. पेंढा भरणाऱ्यांना त्याच्या कातडीला सुरकुत्या असतात हेच माहीत नव्हतं; त्यांनी तो टम्म फुगेपर्यंत ठासला. बिचारा तसाच लोकप्रिय झाला.

पण खरं नवल अंड्यांचं. पक्ष्यांची अंडी पळवणं हा ब्रिटनमध्ये एके काळी प्रतिष्ठित छंद होता. बारीक भोक पाडून आतला ऐवज काढायचा, टरफल जपून ठेवायचं आणि तारीख-ठिकाण लिहायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले बहिरी ससाणे घटू लागले, घरट्यांत फुटकी अंडी सापडू लागली. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहातली जुनी-नवी टरफलं तपासायला घेतली. न फोडता जाडीचा अंदाज यावा म्हणून त्यांनी टरफलाच्या वजनाला लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागलं. १९६७ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: १९४० च्या दशकाच्या अखेरीस टरफलं एकदम पातळ झाली होती.

डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली तोच हा काळ. डीडीटीपासून बनणारं डीडीई मादीच्या शरीरात टरफलाला मिळणारं कॅल्शियम अडवतं. मग उबवायला बसलेल्या पक्षिणीच्या भारानेच अंडं तडकतं. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली, त्यामागच्या पुराव्यात पातळ टरफलंही होती.

तारीख न लिहिलेलं अंडं कितीही देखणं असो, या हिशेबात ते बाद होतं.