टेराफॉर्ममधला नल आणि हरवणारा डिफॉल्ट

हॅशिकॉर्पचं टेराफॉर्म, म्हणजे सर्व्हर, नेटवर्क वगैरे कॉन्फिगरेशन लिहून उभं करायचं साधन, २०१४ मध्ये आलं, तेव्हा त्याच्या कॉन्फिगरेशनच्या भाषेत नल (इथे व्हॅल्यूच नाही असं सांगणारी खूण) नव्हतंच. व्हॅल्यू दिलेली नाही हे सांगायला रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, वापरायची प्रथा पडली. मॉड्यूल (पुन्हा वापरता येणारा कॉन्फिगरेशनचा गठ्ठा) लिहिणारा व्हेरिएबलचा डिफॉल्ट (काही दिलं नाही तर लागणारी व्हॅल्यू) रिकामा ठेवायचा आणि आत तपासायचा: रिकामी आहे? मग रिसोर्स (सर्व्हरसारखी उभी करायची गोष्ट) बनवायचा नाही. बूलियनसुद्धा (ट्रू किंवा फॉल्स) तेव्हा स्ट्रिंगच्याच वेशात फिरत. रिकामी स्ट्रिंग हीच खरी व्हॅल्यू असेल, तर मात्र पंचाईत.

मे २०१९ मध्ये ०.१२ आवृत्ती आली आणि तिच्यासोबत नल. रिसोर्सच्या आर्ग्युमेंटला (त्याच्या एखाद्या गुणधर्माला) नल दिलं, की ते आर्ग्युमेंट लिहिलेलंच नाही असं धरलं जातं. पण तेच नल मॉड्यूलच्या इनपुट व्हेरिएबलला दिलं, तर डिफॉल्ट बाजूला राहतो आणि आत नलच पोचतं. डेटाबेसची भाषा एसक्यूएल लिहिणाऱ्यांना यात नवल वाटलं नसेल: इन्सर्टमध्ये कॉलम गाळला तर डिफॉल्ट, नल लिहिलं तर नल. (ओरॅकल डेटाबेसने त्यावर १२सी आवृत्तीत 'डिफॉल्ट ऑन नल' दिलं होतं.)

खरा जाच झाला तो मॉड्यूलमध्ये मॉड्यूल वापरणाऱ्यांना. बाहेरच्या व्हेरिएबलचा डिफॉल्ट नल ठेवून ते तसंच आत पाठवलं, तर आतल्या मॉड्यूलचा डिफॉल्ट वायाच जायचा. मग आतले डिफॉल्ट बाहेर नकलून ठेवा आणि आतले बदलले की बाहेरचे बदलायला विसरा. नाहीतर लोकल्समध्ये (मॉड्यूलच्या आतल्या नाव दिलेल्या व्हॅल्यूंमध्ये) कोअलेस हे पहिली भरलेली व्हॅल्यू निवडणारं फंक्शन लावा. पण ते रिकामी स्ट्रिंगही ओलांडून पुढे जातं, म्हणजे जुनी पंचाईत परत दारात.

डिसेंबर २०२१ च्या १.१ मध्ये व्हेरिएबलला 'नलेबल' ही सेटिंग मिळाली. ती फॉल्स ठेवली, की नल आल्यावर डिफॉल्ट लागतो; डिफॉल्टच नसेल तर एरर येते. काही लिहिलं नाही तर मात्र ट्रू, म्हणजे जुनीच वागणूक. माझ्या मते बहुतेक व्हेरिएबलांना फॉल्सच हवं असतं. पण त्याच वर्षी १.० सोबत जुनी कॉन्फिगरेशन चालत राहतील असा शब्द दिला गेला होता, त्यामुळे उलट करणं अवघड होतं.

ऑब्जेक्टच्या (अनेक व्हॅल्यू नावांनिशी एकत्र ठेवणाऱ्या व्हॅल्यूच्या) आतल्या ॲट्रिब्यूटांसाठी 'ऑप्शनल', म्हणजे ते गाळता येईल असं सांगणारी सोय, ०.१४ पासून प्रयोग म्हणून होतं. २०२२ च्या १.३ मध्ये ते पक्कं झालं आणि डिफॉल्टही तिथेच लिहिता येऊ लागला. इथे मात्र नल आलं तरी डिफॉल्ट लागतो, वेगळी सेटिंग लागत नाही. त्यामुळे नलेबलला हात न लावलेल्या व्हेरिएबलमध्ये अख्ख्या ऑब्जेक्टच्या जागी आलेलं नल टिकतं आणि ॲट्रिब्यूटला दिलेल्या नलच्या जागी डिफॉल्ट येतो.