वजन कमी करताना टेपने मापं घेणं

वजन कमी करायला घेतलं की दर पंधरा दिवसांनी शिंप्याच्या टेपने कंबर, सीट, छाती, दंड, मांडी मोजायची आणि वहीत तारखेसकट लिहून ठेवायची, अशी ही पद्धत. काटा एकटा पुरत नाही म्हणून हे करायचं. काट्यावर चरबी, स्नायू, पाणी, पोटातलं कालचं जेवण असं सगळं एकत्र तोललं जातं, त्यामुळे रविवारी सकाळी मिसळ आणि रात्री पापड-लोणचं झालं की सोमवारी किलोभर वाढलेलं दिसतं, ते बहुतेक मिठाने धरून ठेवलेलं पाणी असतं. उलट पुण्यातली पर्वती टेकडी चढणं आणि जिम दोन्ही जोरात चालू असलं की काटा कधीकधी हलतच नाही पण पॅन्ट ढिली होते.

पुण्याचा या विषयाशी संबंध नुसता टेकडीवर चालण्यापुरता नाहीये. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) 22.3, पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! म्हणजे वजन-उंचीचं गणित ठीक असलं तरी आपल्या लोकांत चरबी लपलेली असू शकते, आणि ती पोटावर असली तर जास्त वाईट. म्हणून भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना 90 सेंटीमीटर आणि बायकांना 80 धरतात, युरोपातल्या पुरुषांना मात्र 94.

आता कंबर नक्की कुठे, इथेच सगळा घोळ होतो. पॅन्टचा पट्टा बसतो ती जागा वेगळी, बेंबीची वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत सगळ्यात खालची बरगडी आणि कुल्ल्याच्या हाडाची वरची कड चाचपायची आणि त्यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, पाय जवळ, श्वास नेहमीसारखा सोडलेला, पोट आत ओढायचं नाही (सगळे ओढतात). टेप अंगाला लागलेली हवी पण रुतलेली नको, आणि मागे खाली घसरते म्हणून आरशात बघायचं. दोनदा मोजून एक सेंटीमीटरच्या आत फरक असेल तर सरासरी, जास्त असेल तर परत पहिल्यापासून. बेंबीवर मोजलं तरी घरच्या हिशोबाला चालतं, पण मग कायम बेंबीवरच.

टेप धरणारा हातही बदलायचा नाही. माझी एका महिन्यात दीड इंच कंबर उतरली म्हणून मी उड्या मारत होते, नंतर लक्षात आलं की आधी आई टेप धरायची, "अगं रुतेल" म्हणत सैल सोडायची, आणि त्या महिन्यात मी स्वतःच आवळून मोजलं होतं.

मांडीला तर ठरलेली खूण नसते, म्हणून गुडघ्याच्या वाटीपासून वर आपलीच एक वीत मोजून तिथे पेनाने रेघ मारायची, दरवेळी उजवाच पाय. वेळ सकाळची, पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी. व्यायामानंतर लगेच नको, दंड-मांड्या रक्ताने फुगलेल्या असतात. पाळीच्या आधी पोट फुगतं, तेव्हा बायकांनी पाळी संपल्यावरचा एक दिवस धरलेला बरा. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, अधूनमधून स्टीलच्या पट्टीला लावून बघावी. एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर असतात, घाईत उलटी वाचली जाते.

शिंप्याच्या वहीतलं जुनं ब्लाउजचं माप सुरुवातीचा आकडा म्हणून घेऊ नये, त्यात तो लूज धरतो. कपाटातली न होणारी जीन्स महिन्यातून एकदा चढवून बघणं हेही मापच म्हणायचं, फक्त ती धुतल्यावर आटते आणि दोन दिवस घातली की सैल पडते, त्यामुळे दरवेळी धुतलेलीच चढवायची.