अ‍ॅनाग्रामचे गट आणि त्यांची मोजणी

तीच अक्षरे तितक्याच वेळा, पण वेगळ्या क्रमाने येणारे शब्द म्हणजे एकमेकांचे अ‍ॅनाग्राम. मोठ्या यादीतून असे शब्द एकत्र करणे आणि गट किंवा जोड्या किती ते काढणे, हा प्रोग्रॅमिंगच्या सरावातला पायाभूत प्रश्न आहे. ठाणे-नवी मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत डेटा स्ट्रक्चर शिकणाऱ्यांच्या आणि ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी मुलाखतीची तयारी करणाऱ्यांच्या वाट्याला तो येतोच. उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. ठाण्यापुढचे स्थानक 'कळवा', आणि तीच अक्षरे फिरवली की 'वाकळ'.

प्रत्येक शब्द दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून पाहायचा म्हटले, तर १०,००० शब्दांना ४,९९,९५,००० तुलना लागतात. म्हणून तुलनाच टाळायची. प्रत्येक शब्दापासून अशी एक 'की' तयार करायची, की जी अ‍ॅनाग्राममध्ये सारखी आणि इतरांत वेगळी निघेल. मग हॅश टेबलमध्ये, म्हणजे की दिली की तिच्या नावाचा कप्पा लगेच सापडतो अशा साठ्यात, त्या कीखाली शब्द टाकत जायचे. यादी एकदाच वाचली जाते आणि गट आपोआप पडतात.

की करण्याच्या दोन रीती रुळल्या आहेत. एक, शब्दातली अक्षरे सॉर्ट करणे, म्हणजे ठरलेल्या क्रमाने लावणे. दुसरी, कोणते अक्षर किती वेळा आले याचा तक्ता. इंग्रजी लहान लिपीसाठी २६ घरांचा. शब्दाची लांबी ल धरली तर सॉर्टला साधारण ल × लॉग ल इतके काम पडते, तक्त्याला ल. कागदावर तक्ता सरस. पण नेहमीचे शब्द आखूड असतात आणि पायथनसारख्या प्रोग्रॅमिंग भाषेत तयार सॉर्ट फार वेगवान असतो, त्यामुळे तिथे सॉर्टच बरा. तक्त्यातले आकडे नुसते चिकटवून की करू नये: १ व ११ आणि ११ व १ या दोन्हींचे '१११' होते. मध्ये स्वल्पविराम हवाच.

अक्षरांच्या क्रमांकांची बेरीज ही की नव्हे. १ + ४ आणि २ + ३ सारखेच. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या देऊन गुणाकार करण्याची युक्ती गणिताने निर्दोष आहे, पण २६वी मूळ संख्या १०१, आणि तिचा दहावा घात ६४ बिटांत, म्हणजे संगणकातल्या नेहमीच्या पूर्णांकाच्या जागेत, मावत नाही.

जोड्याच मोजायच्या असतील तर शब्द साठवूही नयेत. नवा शब्द आला की त्याच्या कीखाली आधी जितके जमले असतील तितके उत्तरात मिळवायचे, मग तो आकडा एकाने वाढवायचा. चार शब्दांच्या गटात ० + १ + २ + ३, म्हणजे सहा जोड्या होतात; म शब्दांच्या गटात म(म − १)/२.

मराठीत खरा प्रश्न कीच्या आधीचा आहे: अक्षर कशाला म्हणायचे? 'दिवा' आणि 'विदा' घ्या. संगणकावर लिपी लिहिण्याच्या युनिकोड या प्रमाणपद्धतीत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो, तो कोडपॉइंट. दोन्हींत द, व, काना आणि वेलांटी हेच चार कोडपॉइंट आहेत, म्हणून सरधोपट प्रोग्रॅम त्यांना एका गटात टाकतो. पण वाचणाऱ्याला एकीकडे दि आणि वा दिसतात, दुसरीकडे वि आणि दा. अक्षर एकही जुळत नाही. 'कळवा' आणि 'वाकळ' मात्र दोन्ही कसोट्यांना उतरतात, कारण काना 'व'लाच चिकटून राहतो. मराठी शब्दखेळासाठी मात्रेसकट अख्खे अक्षर हाच एकक धरायला हवा; कोडपॉइंटवर केलेली मोजणी तिथे चूकच.

तसे तोडताना जोडाक्षरे अडवतात. 'तुर्भे' यात सहा कोडपॉइंट आणि दोन अक्षरे आहेत, पण युनिकोडच्या जुन्या नियमाने तुकडे तीन पडत: तु, र् आणि भे. २०२३च्या १५.१ आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर अखंड राहते. आपण वापरतो ती लायब्ररी (तयार कोडचा संच) कोणती आवृत्ती पाळते, ते आधी पाहून घ्यावे. शिवाय 'ऱ' हा एक कोडपॉइंट म्हणूनही लिहिता येतो, आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असाही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, की मात्र वेगळी निघते. म्हणून यादी आधी एकाच रूपात आणावी आणि मगच सॉर्टला हात घालावा.