मॉनिटरची बटणं आणि पडद्यावरच्या खिडक्या : पार्श्वभूमी

मॉनिटरच्या खालच्या कडेला, बहुतेक वेळा मागच्या बाजूने, चार-पाच बारीक बटणं असतात. हात घालून चाचपडत पहिलं दाबलं की मेनू उघडतो, दुसरं दाबलं की एक घर खाली सरकतो, आणि तिसऱ्याऐवजी चुकून चौथं दाबलं गेलं की मॉनिटरच बंद होतो. कोथरूडला आमच्या घरी कामाचं टेबल पश्चिमेच्या खिडकीशी आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं, तेव्हा ब्राइटनेस शंभरावर ठेवावा लागतो. संध्याकाळी साडेसातला दिवे लागले की तोच उजेड डोळ्यांत खुपतो. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम सुरू झालं आणि रोजची दोन वेळची ही चाचपड माझ्या वाट्याला आली. काही महिन्यांनी कळलं, की याच मॉनिटरचा उजेड कॉम्प्युटरवरून, नुसत्या माउसने कमी-जास्त करता येतो. त्यासाठी वेगळी तार लागत नाही, नवा मॉनिटर लागत नाही. आणि ही सोय १९९८ सालापासून आहे!

बावीस वर्षं ती सोय होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. दिवसाचे आठ-दहा तास पडद्यासमोर काढणाऱ्या माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना तो आजही नाही. म्हणून हा सगळा मागचा इतिहास एकदा नीट मांडावा असं वाटलं.

सुरुवातीला कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांचा कारभार एकतर्फी होता. कॉम्प्युटरने चित्र पाठवायचं, मॉनिटरने दाखवायचं, बस्स. आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए ही मॉनिटरला चित्र पाठवण्याची पद्धत आणली. ६४० बाय ४८० ठिपक्यांचं चित्र, पंधरा पिनांचा जोड. त्या पंधरांतल्या मोजक्या पिना मॉनिटरची ओळख पटवण्यासाठी राखून ठेवल्या होत्या. कोणती पिन ग्राउंडला जोडलेली आहे आणि कोणती मोकळी आहे, एवढ्यावरून ग्राफिक कार्डाने, म्हणजे कॉम्प्युटरच्या चित्र पाठवणाऱ्या भागाने, मॉनिटर कोणत्या जातीचा ते ताडायचं. यापलीकडे मॉनिटरला स्वतःबद्दल काही सांगता येत नसे. लिनक्सवाल्यांना एक्सफ्री८६ या पडदा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये मॉनिटरला झेपतील ते आकडे हाताने लिहावे लागत, आणि चुकीचे आकडे दिलेत तर मॉनिटरला इजा होऊ शकते असा इशाराही असे. उजेड, कॉन्ट्रास्ट, चित्राची रुंदी या गोष्टी मॉनिटरच्या अंगावरच्या फिरक्यांनी जुळवायच्या. त्या फिरक्या समोर होत्या, बोटाला सापडत होत्या. नंतर दिसायला सुबक म्हणून त्या मागे आणि खाली गेल्या, आणि हाताचं काम अवघड झालं.

ही मुकी अवस्था संपवली ती व्हेसा या संस्थेने. ग्राफिक कार्डं आणि मॉनिटर बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून १९८९ मध्ये ती उभी केली होती. १९९४ मध्ये तिने डीडीसी नावाचं मानक जाहीर केलं. फिलिप्सने १९८२ मध्ये टीव्हीसारख्या उपकरणांच्या आतल्या चिपांना आपसांत बोलता यावं म्हणून दोन तारांची एक साधी पद्धत काढली होती, एका तारेतून मजकूर आणि दुसरीतून ताल. तीच पद्धत व्हेसाने मॉनिटरच्या केबलमध्ये आणली. व्हीजीएच्या बाराव्या आणि पंधराव्या पिनेला हे काम मिळालं. मॉनिटरच्या पोटात १२८ बाइटची एक नोंद ठेवली : बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, कितव्या आठवड्यात आणि कोणत्या साली बनला, पडदा किती सेंटिमीटर रुंद आणि उंच, कोणकोणतं रेझोल्यूशन झेपतं. या नोंदीचं नाव ईडीआयडी. एखाद्या घराच्या सात-बाऱ्यासारखीच ती. आज केबल लावल्याबरोबर कॉम्प्युटर मॉनिटरला नावाने ओळखतो तो हिच्यामुळे.

पण हा सात-बारा नुसता वाचता येत होता, मॉनिटरला हुकूम देता येत नव्हता. ती सोय १९९८ मध्ये आली. डीडीसी/सीआय या मानकाने त्याच दोन तारांवरून दोन्ही बाजूंनी बोलण्याची रीत ठरवून दिली, आणि त्याच्या जोडीला आलेल्या एमसीसीएस या मानकाने प्रत्येक कामाला एकेक क्रमांक दिला. हे क्रमांक सोळाच्या अंकपद्धतीत लिहितात. १० म्हणजे उजेड, १२ म्हणजे कॉन्ट्रास्ट, ६० म्हणजे इनपुट, ६२ म्हणजे स्पीकरचा आवाज. समजा उजेड ४५ वर आणायचा आहे. कॉम्प्युटर एक छोटी चिठ्ठी पाठवतो. तीत आधी मॉनिटरचा पत्ता, मग पाठवणाऱ्याचा, मग मजकुराची लांबी, ‘बदल कर’ हा हुकूम, १० हा क्रमांक, ४५ या आकड्यासाठी दोन बाइट, आणि शेवटी सगळं बरोबर पोचलं का हे ताडून पाहणारी बेरीज. पत्त्यासकट आठ बाइट झाले. मागची चार-पाच बटणं दाबून जे होतं, ते एवढ्यात होतं.

मग हे आपल्यापर्यंत पोचायला इतका वेळ का लागला? मला वाटतं, हे काम कुणा एकाच्या गळ्यात पडलंच नाही. मानक व्हेसाचं, मॉनिटर एकाचा, ग्राफिक कार्ड दुसऱ्याचं, विंडोज तिसऱ्याचं. मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी याची दारं विंडोज व्हिस्टामध्ये, म्हणजे २००७ च्या सुमाराला उघडली. वापरणाऱ्यासाठी मात्र सेटिंगमध्ये ब्राइटनेसची पट्टी दिसायची ती साधारणपणे लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यापुरती. बाहेरचा मॉनिटर जोडला की पट्टी त्याला लागू नाही. मॉनिटर कंपन्यांनी आपापली सॉफ्टवेअर काढली, पण खोक्यातली ती सीडी कोण उघडून बघत होतं? खरी वाट करून दिली ती सुट्या सुट्या प्रोग्रॅमरनी. लिनक्सवर डीडीसीयूटिल, मॅकवर मॉनिटरकंट्रोल, विंडोजवर मॉनिटोरियन आणि ट्विंकल ट्रे. मॅक आणि विंडोजवर घड्याळाशेजारी एक छोटं चिन्ह येतं, त्यावर टिचकी मारली की प्रत्येक मॉनिटरची एकेक पट्टी. ही सगळी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांचे उपकार मी मानते.

इथे एक फरक सांगायलाच हवा, कारण त्यात बरीच गल्लत होते. २००९ पासून लोकप्रिय झालेलं एफ.लक्स किंवा विंडोज १० मध्ये २०१७ ला आलेलं नाइट लाइट पडद्याला संध्याकाळी पिवळसर करतं. पण ते ग्राफिक कार्डाकडून जाणारे रंग बदलतं. मॉनिटरच्या मागचा दिवा जसाच्या तसा जळत राहतो. पडद्यावर काळपट थर चढवून अंधार करणाऱ्या ॲपांचंही तेच. डीडीसी/सीआयवरून उजेड उतरवला की तो दिवाच मंद होतो. काळा रंग काळा राहतो, अक्षराची कड धुरकट होत नाही, आणि वीजही कमी लागते, कारण एलसीडी मॉनिटर सर्वांत जास्त वीज खातो ती या दिव्यासाठी. इन्व्हर्टरवर काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता पडद्यावरच्या खिडक्यांकडे, म्हणजे प्रोग्रॅम ज्यांत उघडतात त्या चौकटींकडे वळू. उजेडाशी त्यांचं नातं काय, ते पुढे येईलच.

पुण्यात मराठी पडद्यावर आणण्याची खटपट विंडोज घरोघरी पोचण्याच्या आधीची आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं, म्हणजे भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याच्या तंत्राचं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेत पुढे वाढलं. डॉसच्या जमान्यात देवनागरी दिसावी म्हणून कॉम्प्युटरमध्ये चक्क एक वेगळं जिस्ट कार्ड बसवावं लागे. मग विंडोज आलं, मराठी अक्षरांसाठी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी आलं, पानं लावायला पेजमेकर आलं, आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या बोळांमध्ये डीटीपीची दुकानं भरून गेली. त्या काळी मी मुद्रितं तपासायला तिथे बसत असे. चौदा इंची फुगीर काचेचा मॉनिटर. पूर्ण पान दिसेल असं केलं तर अक्षर वाचता येत नसे, आणि अक्षर वाचता येईल असं केलं तर पानाचा वरचा तिसरा हिस्साच दिसे. एका खिडकीत लेखकाचा मजकूर, दुसऱ्या खिडकीत लावलेलं पान, आणि दोन्ही पूर्ण पडदाभर. ऑपरेटर दादा ऑल्ट-टॅब दाबून मागे-पुढे करत राहत. पान बदललं की चित्र वरून खाली हळूहळू उतरे. ‘ताई, थांबा जरा, पडदा भरू दे,’ असं दिवसातून पन्नासदा ऐकलं असेल. तोवर मागच्या खिडकीतलं वाक्य डोक्यातून निसटलेलं असे. दोन खिडक्या शेजारी-शेजारी ठेवता आल्या असत्या, तर किती चुका वाचल्या असत्या!

गंमत म्हणजे विंडोजची सुरुवातच शेजारी-शेजारी खिडक्यांनी झाली होती. २० नोव्हेंबर १९८५ ला आलेल्या विंडोज १.० मध्ये मुख्य खिडक्या एकमेकींवर चढतच नसत, फरशा बसवल्यासारख्या त्या पडदा वाटून घेत. ते बनवणाऱ्या गटाचं नेतृत्व करणारे स्कॉट मॅकग्रेगर झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातून आले होते, आणि ही फरशीची रीत त्यांना पसंत होती. झेरॉक्सच्याच १९८१ च्या स्टार या कॉम्प्युटरवर खिडक्या अशाच वाटून बसत.

दुसरी रीतही पार्कचीच. तिथल्या स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंगच्या प्रणालीत खिडक्या टेबलावर पसरलेल्या कागदांसारख्या एकमेकींवर ठेवता येत. १९७९ च्या शेवटी ॲपलची मंडळी ते बघून आली. त्यांच्यातले प्रोग्रॅमर बिल ॲटकिन्सन यांची अशी समजूत झाली, की झाकलेल्या खिडकीचा उघडा राहिलेला तेवढाच तुकडा तिथलं यंत्र आपोआप नव्याने रंगवतं. प्रत्यक्षात तिथे तसं होत नव्हतं. पण ते कुणाला तरी जमलंय, या खात्रीने ते कामाला लागले आणि त्यांनी ते करून दाखवलं. १९८४ चा मॅकिंटॉश त्याच्यावर उभा राहिला. १९८७ च्या शेवटी विंडोज २.० मध्येही खिडक्या एकमेकींवर चढू लागल्या, आणि १९८८ मध्ये ॲपलने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. १९९४ मध्ये अपिलातही निकाल ॲपलच्या विरुद्ध गेला, आणि कागदांच्या ढिगाची रीत जगभर रुळली.

फरशीची रीत मेली नाही, पण कोपऱ्यात गेली. विंडोज ३.१ च्या टास्क लिस्टमध्ये ‘टाइल’चं बटण होतं. विंडोज ९५ मध्ये टास्कबारवर उजवी टिचकी मारली की खिडक्या आडव्या किंवा उभ्या मांडून मिळत. म्हणजे अप्पा बळवंत चौकात आम्हाला जे हवं होतं ते तिथे, आमच्यासमोर होतं. कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पुढे २००९ मध्ये विंडोज ७ ने खिडकी पडद्याच्या कडेला नेली की अर्ध्यात बसवायला सुरुवात केली, २०१५ मध्ये विंडोज १० ने चार कोपरे दिले, आणि २०२१ मध्ये विंडोज ११ ने तयार आराखडेच समोर ठेवले. मॅकवर ही सोय थेट सिस्टिममध्ये यायला २०२४ उजाडलं.

उजेड आणि खिडक्या या दोन्ही गोष्टी आज मॉनिटरसोबत येणाऱ्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये का असतात, याचं उत्तर पडद्याच्या आकारात आहे. सत्तावीस इंची किंवा त्याहून रुंद मॉनिटरवर एकच खिडकी पडदाभर उघडण्यात अर्थ राहत नाही. मग मॉनिटर विकणाऱ्यांनीच पडद्याचे कप्पे पाडून द्यायला सुरुवात केली. डेल डिस्प्ले मॅनेजर आणि एलजीचं ऑनस्क्रीन कंट्रोल ही त्याची उदाहरणं. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या सॉफ्टवेअरमधल्या फॅन्सीझोन्समध्ये आपले कप्पे आपण आखता येतात.

पण नातं याहूनही जवळचं आहे. दोन मॉनिटर लावणाऱ्यांची एक जुनी तक्रार अशी : चहाला उठून आलं की सगळ्या खिडक्या एकाच पडद्यावर गोळा झालेल्या. डिस्प्लेपोर्ट या जोडावरचा मॉनिटर झोपला की कॉम्प्युटरला तो काढून नेल्यासारखा वाटतो, त्याचा ईडीआयडीचा सात-बारा दिसेनासा होतो, आणि बेघर झालेल्या खिडक्या उरलेल्या पडद्यावर जातात. विंडोज ११ ने कोणती खिडकी कोणत्या मॉनिटरवर होती हे लक्षात ठेवायला सुरुवात केली, तेव्हा हा जाच बराच कमी झाला. खिडक्यांची जागा आणि दिव्याचा उजेड, दोन्हीची मदार मॉनिटर आणि कॉम्प्युटरच्या त्या एका संवादावर आहे.

सॉफ्टवेअर टाकूनही पट्टी हलत नसेल, तर आधी मॉनिटरच्या मेनूत जाऊन डीडीसी/सीआय चालू आहे का ते बघावं. ते बंद ठेवलेलं अनेकदा सापडतं. उजेड मिनिटामिनिटाला आपोआप बदलणारी सेटिंग मी स्वतः टाळते, कारण काही मॉनिटर प्रत्येक बदल आतल्या मेमरीत लिहून ठेवतात आणि अशा मेमरीला लिहिण्याची मर्यादा असते. आणि मधला जोड तपासावा. माझ्याकडे एचडीएमआयचं व्हीजीए करणारा एक स्वस्त कन्व्हर्टर होता. चित्र छान दिसायचं, पण हुकूम पलीकडे जायचा नाही. तपकीर गल्लीतल्या दुकानदारांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘ताई, हा फक्त चित्र नेतो. तुमच्या मॉनिटरला एचडीएमआय आहे ना? मग सरळ केबलच लावा.’ केबल लावली. घरी येऊन पट्टी पंचेचाळीसवर ओढली आणि पडदा उतरला.