वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची वजनवाढ व पुनर्शस्त्रक्रिया

जठरावर किंवा लहान आतड्यावर शस्त्रक्रिया करून उतरवलेले वजन काही वर्षांनी अंशतः वा बहुतांशी परत चढते, त्यास शस्त्रक्रियोत्तर वजनवाढ म्हणतात. ती आवरण्यासाठी आहारोपचार, औषधे, तोंडावाटे दुर्बीण घालून करावयाचे उपाय आणि शेवटी पुनर्शस्त्रक्रिया योजतात. खानदेशातील (जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्हे व लगतचा अहिराणीभाषक पट्टा) रुग्णांच्या बोलण्यात मूळ शस्त्रक्रिया ‘स्लीव्ह’ (जठराचा मोठा भाग कापून अरुंद नळी ठेवणे) किंवा ‘बायपास’ (जठराची छोटी थैली करून ती थेट लहान आतड्याला जोडणे) एवढीच असते. हा बायपास हृदयाचा नव्हे, हे गावच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे लागते, आणि ते न सांगितल्याने काय बिघडते ते पुढे येईल.

संज्ञा व मोजमाप : कमी वजन उतरणे आणि उतरलेले वजन चढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मूळ वजनाच्या २० टक्क्यांहून कमी घट होते. दुसरीत घट चांगली होऊन मग काटा फिरतो. किती चढले म्हणजे ‘वजनवाढ’ म्हणायची, याबाबत एकमत नाही. उदाहरणार्थ, १६० सेंमी. उंचीच्या व्यक्तीचे वजन १२० किग्रॅ. होते, ते ८० पर्यंत उतरले आणि आता ९१ आहे असे धरू. नीचांकापासून १० किग्रॅ.हून अधिक वाढ हा निकष लावला तर ही वजनवाढ ठरते. देहभारांकात (बीएमआय, म्हणजे किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) ५ अंकांची वाढ हा निकष लावला तर ठरत नाही, कारण वाढ सुमारे ४.३ अंकांचीच आहे. मूळ अतिरिक्त वजनाच्या (देहभारांक २५ च्या वरचे, येथे ५६ किग्रॅ.) २५ टक्के म्हटले तर १४ किग्रॅ. लागतात, म्हणजे पुन्हा नाही. उतरलेल्या ४० किलोंपैकी ११ परत आले, म्हणजे २७.५ टक्के, २० टक्क्यांची रेघ धरली तर ही वजनवाढ आणि ३० टक्क्यांची धरली तर नाही. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीच्या २०१८ मधील विश्लेषणात, उतरलेल्या कमाल वजनाच्या प्रमाणात मोजलेली वाढ मधुमेह, रक्तदाब इत्यादींच्या बिघाडाशी सर्वांत चांगली जुळली. तेच माप येथे ग्राह्य धरले आहे. त्यासाठी नीचांकाची नोंद हाताशी हवी, आणि नेमकी तीच बहुतेक फायलींत सापडत नाही.

थोडी वाढ बहुतेकांना होते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ पाहणीत बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले आणि दहा वर्षांनी घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. जठराच्या वरच्या भागाभोवती पट्टा (बँड) बसवलेल्यांत हेच आकडे २० व १४ टक्के होते. म्हणजे तिसऱ्या वर्षी चढलेले चार-पाच किलो हे शस्त्रक्रिया ‘फेल’ गेल्याचे लक्षण नव्हे.

इतिहास : पुनर्शस्त्रक्रियेचा उगम मूळ शस्त्रक्रियेच्या उगमाशी इतका गुंतलेला आहे की दोन्ही एकत्रच पाहावे लागतात. पहिला मान कोणाचा, हा वाद जुना आहे. स्वीडनचे व्हिक्टर हेन्रिकसन यांनी १९५२ च्या सुमारास वजनासाठी लहान आतड्याचा भाग कापून काढला. मिनेसोटा विद्यापीठात रिचर्ड वार्को यांनी १९५३ च्या आसपास आतड्याचा बायपास केला असे म्हणतात, पण त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही. क्रेमेन, लिनर व नेल्सन यांचा लेख १९५४ चा. आतडे कापून टाकणे आणि ते वळवणे यांत मूलभूत फरक असल्याने, आणि छापील पुरावा प्रमाण मानायचा तर, १९५४ हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक दिसते. या आतडी-बायपासने वजन उतरे, पण यकृत निकामी होणे, ऑक्झलेटचे मूतखडे, सांधेदुखी असे उपद्रव इतके झाले की १९७० व ८० च्या दशकांत पुष्कळांची आतडी पूर्ववत जोडावी लागली. जोडल्यावर वजन परत आले. शस्त्रक्रियोत्तर वजनवाढीचा मोठा धडा वैद्यकाला प्रथम असा मिळाला.

एडवर्ड मेसन यांनी आयोवात १९६६ मध्ये जठराचा बायपास सुरू केला. त्यावरील मेसन व इटो यांचा लेख १९६७ चा आहे. पुढे मेसन यांनीच १९८० च्या सुमारास जठराला उभे टाके मारून वरच्या थैलीच्या तोंडाशी कडे बसवण्याची पद्धत आणली. हे टाके उसवत आणि बंद केलेला भाग पुन्हा उघडा होई. बाहेरून सैल-घट्ट करता येणाऱ्या पट्ट्याने हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीतून तो १९९३ पासून बसवू लागले. तो घसरतो, जठराच्या भिंतीत रुततो किंवा अन्ननलिका फुगवतो, असे नंतर ध्यानात आले.

स्लीव्हच्या उगमाचा मुद्दा मात्र आजच्या रुग्णालाही लागू आहे. ही स्वतंत्र शस्त्रक्रिया म्हणून जन्मलीच नाही. हेस (१९८८) व मार्सो यांच्या ड्युओडेनल स्विच या मोठ्या शस्त्रक्रियेत जठर अरुंद करून आतड्याचा बराच भागही वळवतात. स्लीव्ह हा तिच्यातील जठरावरचा टप्पा होता. लीड्सच्या जॉन्स्टन यांची जठराची अरुंद नळी (१९८७) हा तिचा दुसरा पूर्वज मानतात. पण त्यात जठर कापून बाहेर काढत नसत, त्यामुळे हे नाते दूरचे वाटते. गॅन्ये यांच्या गटाने १९९९ पासून ड्युओडेनल स्विच दुर्बिणीतून केली. फार स्थूल रुग्णांना ती एकाच बैठकीत झेपेना, तेव्हा आधी स्लीव्ह आणि काही महिन्यांनी आतड्याचा टप्पा, अशी विभागणी केली. काहींचे वजन पहिल्याच टप्प्यावर पुरेसे उतरले आणि दुसरा टप्पा राहून गेला. स्लीव्हनंतरची दुसरी शस्त्रक्रिया ही अपयशाची दुरुस्ती नसून काहींच्या बाबतीत राहिलेले अर्धे काम असते, ही समजूत येथून येते.

कारणे : स्लीव्हमध्ये जठराचा वरचा फुगीर भाग, म्हणजे भूक चेतवणाऱ्या घ्रेलिन संप्रेरकाचे मुख्य स्थान, काढून टाकतात. तो भाग डाव्या बाजूला प्लीहेजवळ मागे राहून गेला तर काही वर्षांत पिशवीसारखा फुगतो. बायपासमध्ये जठराची १५ ते ३० मिलि.ची थैली आणि तिचे आतड्यात उघडणारे १० ते १५ मिमी.चे तोंड ठेवतात. तोंड २० मिमी.च्या पुढे गेले की अन्न थांबत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. थैली व वेगळे केलेले जठर यांच्यात कधी भगेंद्रासारखी वाट पडते. याखेरीज वजन उतरल्यावर शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय कमी होतो. इन्शुलिन, स्टेरॉइड, ओलान्झापाइन, व्हॅल्प्रोएट, अमिट्रिप्टिलिन ही औषधे वजन वाढवतात. गर्भारपण आणि मद्यपान ही कारणेही तपासावी लागतात. बायपासनंतर दारू लवकर व जास्त चढते.

आहाराबाबत एक यांत्रिक तत्त्व लक्षात ठेवावे : लहान केलेले जठर घट्ट, कोरड्या घासाला अडवते, लगद्याला नाही. खानदेशी वरण-बट्टी हे त्याचे अचूक उदाहरण. जाडसर कणकेची बट्टी उकडून, काप करून तळतात आणि पानात वरणात कुस्करून वर तूप घेतात. अख्खी बट्टी चावून खाल्ली तर स्लीव्हच्या रुग्णाला एकीतच बस वाटते. तीच कुस्करली की घसरत खाली जाते आणि दोन-तीन सहज संपतात. १५ मिलि. तूप किंवा शेंगदाणा तेलात साधारण १२० किलोकॅलरी असतात, आणि खिचडीवर कच्चे तेल ओतण्याची चाल खानदेशात आहेच. केळीचे वेफर्स, शेव-भाजीतली भिजलेली शेव, आंब्याचा रस, चहात बुडवलेले टोस्ट याच वर्गात मोडतात. उलट कळण्याची भाकरी (ज्वारी व उडीद) चांगली अडते आणि प्रथिनेही देते. सोबतच्या भरितातले तेल तेवढे मोजावे. जेवताना पाणी पिण्याने घट्ट अन्नही लगदा होते, म्हणून जेवणानंतर अर्धा तास पाणी टाळायला सांगतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना हा नियम मोडतोच. तेव्हा दिवसभर घोट घोट पिण्याची सवय आधीच लावावी. तहान रसवंतीवर भागवणे हे वजनवाढीचे ठळक कारण ठरते.

तपासणी : क्रम महत्त्वाचा आहे. आधी वजनाचा आलेख, मूळ शस्त्रक्रियेची नोंद (कोणत्या मापाच्या नळीवर जठर कापले, आतड्याची लांबी किती वळवली) आणि तीन दिवसांची आहारनोंद. तीत एक दिवस आठवडी बाजाराचा किंवा लग्नाच्या पंगतीचा असावा. मग हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक, अल्ब्युमिन (रक्तातील प्रथिन), टीएसएच (थायरॉइडसाठी) व एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). नंदुरबार व लगतच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तेथे हिमोग्लोबिन कमी निघाले की लोहाच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी करावी. त्यानंतर एंडोस्कोपी (तोंडावाटे दुर्बीण घालून तपासणी) आणि बेरियम पाजून काढलेला एक्स-रे किंवा सीटी. रचनेत दोष सापडला नाही तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा आधारच डळमळतो.

औषधे : २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका चाचणीत, शस्त्रक्रियेला कमी प्रतिसाद दिलेल्या रुग्णांचे वजन लिराग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनने (रोज ३ मिग्रॅ.) २४ आठवड्यांत सरासरी ८.८ टक्के घटले. औषधाविना नुसती सुई टोचलेल्या गटात अर्धा टक्का. भारतात २०२५ मध्ये टिरझेपाटाइड व वजनासाठीच्या मात्रेतील सेमाग्लुटाइड ही साप्ताहिक इंजेक्शने आली आणि पुनर्शस्त्रक्रियेआधी ती देऊन पाहणे हा आता वाजवी क्रम झाला आहे. मेड्युलरी थायरॉइड कर्करोग स्वतःला किंवा घरात कोणाला झाला असल्यास ती देत नाहीत. स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला असल्यास जपून वागतात. वापरात नसलेले इंजेक्शनचे पेन २ ते ८ अंशांत ठेवतात आणि फ्रीजबाहेर ३० अंश ही मर्यादा आहे. खानदेशी उन्हाळ्यात खोलीच ती ओलांडते, त्यामुळे वापरातले पेनही फ्रीजमध्येच असावे, पण बर्फाच्या कप्प्याला टेकवून नव्हे. गोठलेले औषध फेकून द्यावे लागते.

दुर्बिणीतील उपाय : बायपासचे तोंड मोठे झाले असेल तर तोंडावाटे दुर्बीण घालून आर्गॉन वायूच्या झोताने कडा भाजतात किंवा टाके घालून तोंड ८ ते १० मिमी. करतात. भाजण्याच्या एकाहून अधिक बैठका काही आठवड्यांच्या अंतराने लागतात. परिणाम मध्यम असतो, पण पोट उघडावे लागत नाही.

पुनर्शस्त्रक्रिया : हिचे तीन प्रकार करतात : एका पद्धतीतून दुसरीत बदल, त्याच पद्धतीतील दोषाची दुरुस्ती, आणि पूर्ववत जोडणी. स्लीव्ह पुन्हा अरुंद करणे सोपे दिसते, पण लाभ टिकत नाही आणि जठराच्या वरच्या टोकाशी टाक्यांतून गळतीचा धोका वाढतो. छातीत जळजळ व अन्ननलिकेचा दाह असेल तर स्लीव्हचा वाय-आकाराचा (पित्त व अन्न वेगळ्या आतड्यांतून आणून खाली जोडणारा) बायपास करणे, यावर बरेचसे एकमत आहे. फिनलंडमधील चाचणीत दहा वर्षांनी स्लीव्ह गटात ३१ टक्के रुग्णांना असा दाह होता, बायपास गटात ७ टक्क्यांना. केवळ वजनासाठी एका जोडाचा बायपास (जठराची नळी व आतडे एकाच ठिकाणी जोडणारा) किंवा सादी-एस (ड्युओडेनल स्विचचे एका जोडाचे रूप; माद्रिद, २००७ पासून) अधिक वजन उतरवतात; पहिल्यात पित्त वर येते, दुसऱ्यात जुलाब व कुपोषणाची जोखीम वाढते.

स्लीव्हचा बायपास करण्याच्या शस्त्रक्रियेत यकृताचा डावा भाग आणि जठर यांतील चिकटपणा सोडवण्यातच बराच वेळ जातो. डायाफ्रामच्या छिद्रात हर्निया असल्यास तो शिवतात, नळी वरून ६ ते ७ सेंमी.वर कापतात, पित्ताकडील आतडे व अन्नाकडील आतडे (साधारण १०० ते १५० सेंमी.) मोजून जोडतात, आतड्यांमागच्या फटी बंद करतात आणि निळे औषध घालून गळती पाहतात. जुने ऊतक जाड असल्याने टाके मारणाऱ्या यंत्रात (स्टेपलर) उंच पिनांची काडतुसे लागतात. नवी टाक्यांची रेघ जुन्या रेघेला समांतर व अगदी जवळ गेली, तर मधल्या पट्टीचा रक्तपुरवठा तुटून ती मरते. लहान आतड्याची एकूण लांबी माणसागणिक फार बदलते. ती पूर्ण न मोजता जास्त आतडे वळवल्यास प्रथिने शोषली जात नाहीत, पायांवर सूज येते आणि पूर्ववत जोडणीची वेळ येते. पट्टा काढताना त्याभोवतीचे तंतुमय कवच कापावेच लागते. अनेक शल्यविशारद पट्टा काढून दोन-तीन महिने थांबतात व मग पुढचा टप्पा करतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेने उतरणारे वजन बहुधा पहिलीपेक्षा कमी, आणि धोका जास्त असतो.

खानदेशातील पाठपुरावा : शस्त्रक्रियेसाठी मुंबई, नाशिक, सुरत किंवा इंदूर गाठणारा रुग्ण चार-पाच दिवसांत रेल्वेने घरी परततो, तर गळती पहिल्या दहा दिवसांत कधीही उघड होऊ शकते. नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणे ही लक्षणे ‘ॲसिडिटी’ समजून घालवू नयेत. नाकातून जठरात नळी आंधळेपणाने सारू नये. बायपास हृदयाचा नसून पोटाचा आहे हे गावच्या डॉक्टरांना ठाऊक नसेल आणि दुखते म्हणून त्यांनी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन दिले, तर बायपासच्या जोडावर व्रण होऊ शकतो. विडी-सिगारेटही तेच करते. आठवडाभर उलट्या होणाऱ्या रुग्णाला नुसते ग्लुकोजचे सलाईन लावणे सर्वांत घातक : आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिले नाही तर डोळ्यांची हालचाल व तोल बिघडून मेंदूची कायमची हानी होऊ शकते. रोज किमान ६० ग्रॅ. प्रथिने, सायट्रेटच्या रूपात १२०० ते १५०० मिग्रॅ. कॅल्शियम, बी-१२ (गोळी किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन) व ड जीवनसत्त्व आयुष्यभर लागते. गर्भधारणा १२ ते १८ महिने टाळतात.

विमा : भारतीय आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींनुसार देहभारांक ४०, किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ असल्याशिवाय स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. वैद्यकीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असे म्हटले, पण पॉलिसीत तो आकडा नाही. वर उल्लेखिलेल्या व्यक्तीचा देहभारांक ३५.५ आहे, गंभीर सहव्याधी नसताना तिला केवळ वजनासाठी पुनर्शस्त्रक्रिया करायची तर दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी. अन्ननलिकेचा दाह, पट्ट्याचे रुतणे किंवा भगेंद्र यांसाठीचा दावा वेगळ्या निदानाखाली जातो, म्हणून एंडोस्कोपीचा छायाचित्रांसह अहवाल पूर्वपरवानगीच्या अर्जाला जोडतात.